परतीचं टपाल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे का लिहिलं नाही, याची कारणं देत बसत नाही, कुणी विचारलेलीही नाहीत :) पण हा विषय दिवाळीपासून डोक्यात घर करून बसलाय. शिवाय तो घरचाच आहे. तेव्हा नातेवाईक मंडळींनी वाचता वाचता "हे असं नव्हतंच मुळी" म्हणून फोन केला तरी चालेल. पुढे वाचाल तेव्हा लक्षात येईल की तो फोन यावा म्हणूनच हे सगळं लिहिलंय.

दिवाळीत आत्याकडे दहिवडीला गेलो होतो. आमची आत्या १९७६ ते २०१३ अशी सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका होती. आता तिची सून, म्हणजे आमची वहिनी, त्याच कामात आहे, तिच्याकडे दुसरीचा वर्ग आहे. फराळ झाल्यावर वहिनी सुट्टीनंतरच्या तयारीला बसली. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संख्याकार्डांची एक पीडीएफ आली होती. वर अंक, खाली अक्षरी, बाजूला फुलपाखरं. प्रिंट काढून ती कापत होती. आत्यानं सहज चार कार्डं हातात घेतली, चष्मा लावला आणि म्हणाली, "अगं, हे उलटं झालंय."

बघितलं तर खरंच. ५९ च्या खाली 'एकोणसत्तर' आणि ६९ च्या खाली 'एकोणसाठ'.

"कुणी केलंय हे?"

"काय माहीत आई, फॉरवर्ड आहे."

"मग त्यांना कळवणार कसं?"

वहिनी हसली. "कळवायचं कुणाला? आपल्यापुरतं दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं." तिनं पेनानं दोन्ही कार्डं नीट केली आणि पुढचं कापायला घेतलं. आत्याचं मात्र समाधान झालं नाही. "म्हणजे बाकीच्या शाळांत पोरं उलटंच वाचणार?" असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि आतल्या खोलीत गेली. परत आली ती एक वही घेऊन. त्या वहीमुळे मी पुढचे दोन दिवस दुसरं काही केलं नाही, आणि नंतरचे दोन महिने ह्या विषयामागे लागलो.

आत्याची एक पत्र्याची पेटी आहे. आम्ही लहानपणी तिला 'खजिना' म्हणायचो, कारण तिला हात लावायला बंदी होती. तिच्यात चिंचोके, दहा-दहाच्या जुड्या बांधलेल्या खराट्याच्या काड्या, काड्यापेटीच्या खोक्यांचे ठोकळे आणि लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलेली अक्षरकार्डं होती. आणि ही वही. वहीत एकेका साधनाचं एकेक पान: कसं बनवायचं, कुठल्या पाठाला वापरायचं. मुख्य म्हणजे समासात बारीक अक्षरात शेरे. १९८८ च्या एका पानावर लिहिलंय, "तेवीस म्हटलं की निम्मी मुले ३२ लिहितात. कानाला तीन आधी ऐकू येतो. वीस आणि तीन असे म्हणून घेतले, मग बरोबर." त्याच्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात, "माझ्याकडे जुड्या हातात दिल्यावर जमले. नुसते म्हणून जमले नाही."

"हे अक्षर कुणाचं?" मी विचारलं.

"पलीकडच्या वाडीतल्या बाईंचं. गटसंमेलनात वही फिरायची ना."

गटसंमेलन हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. महिन्यातून एकदा दहा-बारा शाळांचे शिक्षक एका शाळेत जमायचे. निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात जायचा, पण नंतर कुणीतरी एक पाठ घेऊन दाखवायचा, बाकीचे मागे बसून बघायचे आणि मग काय जमलं, काय नाही, हे तोंडावर सांगायचे. पुढच्या महिन्यात तीच माणसं पुन्हा भेटायची. त्यामुळे नेलेलं साधन वर्गात चाललं की आपटलं, हे ज्यानं दिलं त्याला कळायचंच. पुढे नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले, गटसंमेलनाचं केंद्रसंमेलन झालं आणि आता त्याला शिक्षण परिषद म्हणतात. नाव बदललं तरी पोहे तेच, असं वहिनी म्हणते.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं हे रडगाणं सुरू झालं. तसं नाही. आत्याच मला म्हणाली, "आमची चांगली कल्पना माण तालुक्यातून खटावात पोचायची नाही रे." शेजारचा तालुका! तिथल्या कुणा बाईंनी हाच प्रश्न दहा वर्षं आधी सोडवलेला असला तरी आत्याला कळायला मार्ग नव्हता. एकदा सरकारी योजनेतून शाळेला साहित्याची पेटी मिळाली. मुख्याध्यापकांनी ती कपाटात कुलूप लावून ठेवली, कारण काही मोडलं तर भरून कोण देणार? वाटणं आणि पोचणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आत्याला तेव्हाच कळलं होतं.

शिक्षकांनी एकमेकांना काही द्यावं, ही धडपड तशी जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आपल्याला 'निबंधमाले'मुळे माहीत असतात. पण १८७४ साली निबंधमाला सुरू होण्याआधीपासून ते 'शालापत्रक' चालवत होते आणि त्यांच्या आधी त्यांचे वडील कृष्णशास्त्री. नावाप्रमाणे ते शाळांसाठी होतं. विसाव्या शतकात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची 'शिक्षणपत्रिका' आली. गिजुभाईंची गुजराती, तर मराठीची जबाबदारी ताराबाईंची. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं काम वाढवलं, आणि माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं परवडत नाहीत म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या घेऊन तीच तत्त्वं पोरांच्या हातात दिली. आत्याच्या पेटीतले चिंचोके कुठून आले, त्याचा एक धागा थेट तिथे जातो. अर्थात आत्याला विचारलं तर ती म्हणते, "चिंचोके झाडावरून आले." असो.

ह्या सगळ्या शोधात मला सगळ्यात जास्त आवडली ती होशंगाबादची गोष्ट. ती मध्य प्रदेशातली आहे, पण तिचा एक पाय पुण्यात आहे.

१९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत 'किशोर भारती' आणि रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' ह्या दोन संस्थांनी मिळून विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून बघायचं. १९७८ पासून तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक वर्गांत गेला, १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था निघाली आणि तिनं तो पुढे चालवला. आता ह्यात मला काय भावलं? मुलांची प्रयोगपुस्तिका होती, 'बाल वैज्ञानिक'. ती काही तज्ज्ञांनी एकदा लिहून दिली आणि संपली असं झालं नाही. शिक्षकांच्या मासिक बैठका व्हायच्या. कुठला प्रयोग फसला, कुठलं सामान गावात मिळत नाही, कुठला प्रश्न मुलांना कळलाच नाही, हे तिथून वर जायचं आणि पुस्तिका पुन्हा लिहिली जायची. मुलांसाठी तर 'सवालीराम' नावाचे एक कल्पित गृहस्थच होते. मुलांनी त्यांना पत्रानं काहीही विचारायचं आणि सवालीरामांकडून उत्तर यायचं. म्हणजे जे साधन बाहेर पडायचं, त्याच्यामागे परतीचं टपाल यायचंच.

१९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोमधला एक तरुण इंजिनिअर रजा काढून ह्या कामात गेला. अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, तिचे तुकडे आणि आगकाड्या. तुकड्यांत काड्या खोचल्या की सांधे तयार. त्रिकोण केला तर तो हलत नाही, चौकोन केला तर लगेच कलतो. पूल, छपरं, मनोरे त्रिकोणांचे का असतात, ते तिसरीतल्या पोरालाही बोटांनी कळतं. त्या वेळी काही पैशांत होणारा हा खेळ. पुढे गुप्तांनी खेळण्यांची पुस्तकं लिहिली, आणि इंटरनेट आल्यावर आपल्या संकेतस्थळावर खेळणी आणि हजारो पुस्तकं कुणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी ठेवली, मराठीतलीसुद्धा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. पु. लं.च्या आठवणीसाठी 'पुलस्त्य' नाव दिलेली इमारत ती हीच. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'एकलव्य'च्या हिंदी 'संदर्भ' द्वैमासिकापासून स्फूर्ती घेऊन पुण्यात मराठी 'शैक्षणिक संदर्भ'ही निघालं.

आणि होशंगाबादचा कार्यक्रम? तो २००२ साली सरकारनं बंद केला. तीस वर्षांत तो सुमारे हजार शाळांपर्यंत गेला होता. ह्यावर मी बराच विचार केला. आगकाडीचं खेळणं जगभर गेलं, आजही कुठलीही शिक्षिका ते फोनवर बघून करू शकते. पण ज्या मासिक बैठकांतून तसल्या गोष्टी घासूनपुसून निघत होत्या, त्या बैठका उतरवून घेता येत नाहीत. वस्तू प्रवास करते. तिच्यामागची माणसं करत नाहीत.

आता आपल्या ओळखीच्या काळाकडे येतो. ज्यांनी २००५-०६ च्या सुमारास मराठीत ब्लॉग सुरू केले त्यांना आठवत असेल, 'बरहा' आणि 'गमभन' ह्यांनी आपल्याला किती सुख दिलं. त्याआधी मराठी म्हणजे फाँटचा खेळ. एकानं श्रीलिपीत टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की भलतीच चिन्हं दिसायची. आत्याच्या केंद्रशाळेत संगणक आला तेव्हा एका उत्साही सरांनी प्रश्नपेढी टाइप करून फ्लॉपीवरून सगळ्या शाळांना दिली. पाच शाळांपैकी चार शाळांत ती वाचताच आली नाही. शेवटी सरांनी प्रिंट काढून झेरॉक्स वाटल्या. युनिकोड आलं आणि हा घोळ हळूहळू संपला. पण शाळांमधलं टायपिंग मात्र बराच काळ जुन्या फाँटमधेच चालू राहिलं. त्यावर शिक्षकांनी काढलेला उपाय म्हणजे पीडीएफ करून पाठवायचं, नाहीतर सरळ फोटो काढून पाठवायचा. मग सगळीकडे सारखंच दिसतं.

मला वाटतं, त्या दिवाळीच्या कार्डांची गोम इथे आहे. फोटो सगळीकडे सारखा दिसतो, आणि सगळीकडे सारखाच चुकलेलाही राहतो. त्याच्या समासात कुणाला लिहिता येत नाही. लिहिलंच, तर ते मूळ करणाऱ्याकडे परत जात नाही.

नेटचे उपकार मात्र मोठे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत २००९ साली रुजू झालेले रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गाच्या पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. कोडवर फोन धरला की पाठाची कविता ऐकू यायची, चित्रफीत दिसायची. २०१७ मध्ये राज्य सरकारनं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरवलं, आणि पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांतही ते आले. २०१७ च्याच शिक्षकदिनी केंद्र सरकारचा 'दीक्षा' मंच सुरू झाला. २०२० मध्ये डिसले सरांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. एका वाडीतली कल्पना राज्यभर जाते, हे आत्याच्या काळात कुणी सांगितलं असतं तर खटावचं उदाहरण देऊन तिनं वेड्यात काढलं असतं.

पण ह्याच काळातली दुसरी गोष्टही आठवा. जून २०१९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात तेवीस हे 'वीस तीन' असंही वाचायला दिलं, आणि महाराष्ट्रभर विनोदांचा पाऊस पडला. मीसुद्धा दोन पुढे ढकलले होते, खोटं कशाला बोलू? गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची संख्यानामं लहान मुलांना जड जातात म्हणून हा पर्याय. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी म्हणतातच. पण पुस्तकाच्या पानाचा फोटो त्यांच्या खुलाशाच्या कितीतरी पुढे धावत होता.

आणि आत्याच्या वहीत १९८८ मध्ये हेच लिहिलेलं होतं! तेवीस म्हटलं की ३२. वीस आणि तीन म्हणून घ्या. त्याच्यापुढे एक पाऊल जाऊन, नुसतं म्हणून पुरत नाही, हातात जुड्या द्या. हा शेरा त्या वर्षी चारचौघांना दिसला असता, तर त्या विनोदांतले निम्मे तरी आपण गिळले असते. मी तरी नक्कीच.

मी आत्याला विचारलं, "तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. ह्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. सदतीस वर्षांत जे तिला उमगलं, ते पेटीत होतं, आणि पेटीला आम्हीच हात लावत नव्हतो. तिच्या खालोखाल ज्या बाईंनी शेरा लिहिला, त्या आता नाहीत. त्यांच्या वहीचं काय झालं, हे विचारायलाही उशीर झालाय.

तर निघायच्या आदल्या रात्री आम्ही तिघं बसलो. वहिनीनं कार्डं नव्यानं टाइप केली, ह्या वेळी युनिकोडमधे, म्हणजे कुणालाही बदलता येतील अशी. ५९ आणि ६९ जागच्या जागी गेले. आत्या म्हणाली, "एकोण-वाल्या सगळ्यांना वेगळा रंग दे. एकोणतीस म्हटलं की तीस ऐकू येतं आणि पोरं ३९ नाहीतर ३१ लिहितात." रंग दिला. मग ती म्हणाली, "खाली तुझं नाव घाल."

वहिनी संकोचली. "आई, नाव कशाला? मिरवल्यासारखं होतं."

"मिरवायला नाही गं. चुकलं तर कुणाला धरायचं ते कळायला नको?"

नाव घातलं, शाळा घातली आणि खाली एक ओळ, 'दुसरीच्या वर्गात जुड्यांसोबत वापरली. तुमच्याकडे कुठे अडलं ते जरूर कळवा.' आणि दिली पाठवून.

पुढचं सांगायलाच हवं. त्या रात्री हात जोडलेली चाळीस-एक चित्रं आली, 'खूप छान मॅडम' वीस-पंचवीस वेळा आलं. त्यानंतर सामसूम. मी पुण्याला परतलो आणि मनात म्हटलं, झालं, गटसंमेलन काही फोनवर भरत नाही. साधारण तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. विदर्भातल्या एका शिक्षिकेचा अनोळखी नंबरवरून निरोप होता. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाला हिरवा आणि लाल हे रंग वेगळे दिसतच नाहीत. एकोण-ची कार्डं लाल आणि बाकीची हिरवी असल्यामुळे त्याच्यासाठी सगळी सारखीच. त्यांनी रंगाऐवजी कोपरा कापला, आणि आता तो मुलगा बोटानं चाचपून आधी ओळखतो.

आत्याला हे सांगितलं तेव्हा तिनं वही मागितली. कार्डांच्या पानावर समासात लिहिलं, "रंग नको. कोपरा कापावा." खाली तारीख घातली आणि त्या बाईंचं नाव. मग मला म्हणाली, "तू ते स्कॅन का काय करणार होतास ना? ह्याच्यानंतर कर. आधी केलं असतंस तर हे राहिलं असतं."

सध्या रोज रात्री वहीची चार-पाच पानं टाइप करतोय. फोटो काढून टाकणं सोपं होतं, पण टाइप करतोय. समासासकट. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी वही, अशी पेटी, असं कुणी माणूस असेल तर एकदा विचारून बघा. आणि वर कुठे माझं चुकलं असेल तर नक्की कळवा. नाव खाली आहेच.